गंजासकट वजन

रावसाहेब जहागीरदारांनी सायलेन्सर तराजूत ठेवला. साडेचार किलो भरला.

"गंजाचा कणही दिसता कामा नये," ते सुंद्राला म्हणाले, "आणि परत आणशील तेव्हा वजन गुंजभरही कमी भरता कामा नये. घरीच करायचं, पन्नास रुपयांच्या आत. जमलं तर मोटारसायकल तुझी."

सुंद्रानं होकार आधीच देऊन टाकला होता. अट तिनं नंतर ऐकली.

मोटारसायकल रावसाहेबांची, पण आठ वर्षं ती सुंद्राच्या भावानं, गेनूनं चालवली होती. ती त्यालाच द्यायचा शब्दही रावसाहेबांनी दिला होता. आषाढात गेनू तापानं गेला. गाडी अंगणात पावसात उभी राहिली आणि सायलेन्सर तांबडा झाला. सुंद्रा तडक वाड्यात शिरली आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे गाडी मागू लागली. रावसाहेबांना शब्दाची आठवण करून दिलेली आवडत नसे. त्यात मागे एका गॅरेजवाल्यानं त्यांचा जुना पाइप घासून घासून भोक पाडलं होतं. तेव्हापासून ते सगळं तोलून देत.

दिवाणजी म्हणाले, गंज निघाला की वजन घटणारच, हे पोरीला कुणीतरी सांगा. कुणी सांगितलं नाही.

सुंद्राचं घर झारेकऱ्याचं. सराफांच्या दुकानातला केर आणायचा, पाण्यात धुवायचा आणि तळाशी बसलेले सोन्याचे कण वेचायचे, हा त्यांचा धंदा. तिनं सात रुपयांची चिंच आणली, पानवाल्याकडून सिगारेटच्या पाकिटांतले चांदीचे कागद फुकट मागून घेतले आणि मोठी परात काढली. परातीवर पाइप धरून चिंचेच्या पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या बोळ्यानं ती दोन दिवस घासत होती. आई विचारायची, जेवतेस का. ती म्हणायची, घासते आहे. मग तिनं पाइप धुऊन फडक्यानं कोरडा केला. परातीतलं पाणी मात्र फेकलं नाही.

तिसऱ्या दिवशी रावसाहेबांना पाइपात स्वतःच्या मिशा दिसल्या. बोट फिरवता फिरवता ते एका जागी थांबले.

"हा काळा डाग राहिला."

"तो गंज नाही. गेनूदादाची चप्पल तापल्या पाइपाला चिकटायची, तिचं रबर आहे. तुमची अट गंजाची होती."

रावसाहेबांनी तराजू मागवला. पाइपाचं पारडं वर राहिलं. दिवाणजींनी सगळ्यांकडे पाहून घेतलं.

सुंद्रानं कमरेची पुरचुंडी सोडून त्याच पारड्यात ठेवली. आत तांबडी भुकटी होती.

"हे काय?"

"तुमचा गंज. परातीत बसलेला, उन्हात वाळवलेला. पाइपावर दिसायला नको म्हणालात, म्हणून वेगळा आणला. आमच्या घरात धूळ फेकत नाहीत, रावसाहेब."

पारडं खाली आलं, आणि जरा जास्तच खाली आलं.

"वजन वाढलं," दिवाणजी म्हणाले.

"चिंचेचा गाळ आहे त्यात. तो माझ्याकडून ठेवा."

रावसाहेब इतके हसले की त्यांना तराजूची दांडी धरून उभं राहावं लागलं. त्यांनी किल्ली सुंद्राच्या हातात दिली, टाकी काठोकाठ भरून दिली आणि सायलेन्सर दिवाणजींना स्वतःच्या हातानं बसवायला लावला, डागाला बोट लावायचं नाही असं बजावून.