सैल साखळी

त्या राज्यातली जमीन अधूनमधून हलायची. म्हणून तिथे नेम होता, की प्रत्येक घराने आधी लहानपणी परीक्षाघरातल्या हलत्या पाटावर उभं राहून दाखवायचं. जे टिकेल, त्याच्यासारखीच मोठी घरं गावात बांधायची. जे पडेल, त्याचा चुरा भरावात टाकायचा.

पाट लोखंडी, वयाने थोर आणि भारी थट्टेखोर. त्याला सगळे आबा म्हणत.

एका सकाळी ओझी उचलणारी साखळी आपल्या घरकुलाला कवेत घेऊन आली. साच्यातून निघाल्यापासून तिनेच त्याला उचललं, ठेवलं, उन्हातून सावलीत नेलं होतं. बारीक तडाही दिसावा म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे त्याला पांढरा चुना फासला होता. ते इतकं गोजिरं दिसत होतं, की साखळीने आपल्या अंगच्या काळ्या ग्रीसची तीट पटकन त्याच्या कोपऱ्याला लावली.

आबा हलले. घरकुल जराही हललं नाही. भिंतीशी रचलेल्या विटा "वा, वा!" करू लागल्या. आबा मात्र हसले.

"बाई, परीक्षा कुणाची? सगळा भार तर तूच धरून बसलीयस."

"अजून पुरतं सुकलंही नाही हो ते, आबा."

"चांगलं टणक झालंय. आणि गावातल्या एकेका घराला अशी आई कुठून आणू मी?"

"आई, गुदगुल्या होतात, सोड ना!" घरकुल म्हणालं.

"पडलं तर?" साखळीचा आवाज चिरकला.

"म्हणून तर तुला बाहेर घालवत नाही. जवळच राहा. फक्त शिवू नकोस."

साखळी कडी-कडीने सैल झाली. शेवटची कडी काही केल्या सुटेना. आबांनी खोकल्याचं निमित्त करून जरासा हिसका दिला, तेव्हा सुटली.

मग आबा खरोखर हलले. चुन्याचे पोपडे उडाले, दाराशी केसाएवढा तडा गेला, घरकुल एका अंगाला कललं. साखळी सबंध खणखणली, पण आवळली नाही. घरकुल डुगडुगलं, आपलं आपण सरळ झालं आणि ओरडलं, "आबा, अजून जोरात!"

पुढे गावात तशी पुष्कळ घरं झाली. गवंड्यांनी नमुना हुबेहूब उतरवला, कोपऱ्यावरच्या काळ्या ठिपक्यासकट. त्यातल्याच एका घराच्या अंगणात एक बाळ पहिली पावलं टाकतंय. मागे त्याची आई वाकून चाललीय, दोन्ही हात त्याच्या भोवती, कुठेही न टेकलेले.