दाखल्याखालची खुर्ची

गटशिक्षणाधिकारी इंगोले तपासणीला आले, तर जिल्हा परिषद शाळेची सगळी मुलं चिंचेखाली बसलेली. चारही वर्गांना भोयर मॅडम एकट्याच.

“वर्ग आत घ्या, नाहीतर नोटीस काढतो!”

“स्लॅब कधीही कोसळेल, साहेब. तीन अर्ज दिलेत.”

“इमारत सुरक्षित असल्याचा दाखला मीच दिलाय!”

दाखला देताना साहेब गाडीतून उतरलेही नव्हते. मॅडमनी खुर्ची आत नेली आणि बरोबर तडकलेल्या स्लॅबखाली मांडली.

“इथं बसून शेरा लिहा, साहेब. तुम्ही उठलात की मुलं आणते.”

इंगोल्यांनी वर पाहिलं. “खुर्ची बाहेर आणा.”

“आणते. फक्त का आणायची, तेवढं शेरेबुकात लिहा.”

ते पान अजून कोरं आहे. नोटीस आली नाही. गवंडीही आला नाही.