दही लागतं तशी

एका गावात एक भोळी आई होती. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, तरी भोळी. ती मीच, पण 'ती' म्हटलं की लाज निम्मी होते.

तिची झोप उडाली होती. लेक अडीच वर्षांची, नाव मैना, आणि तोंडातून एक शब्द नाही. 'अभिक्रियेचा वेग कशाकशानं वाढतो' या प्रश्नाला आईला परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क होते. मैनेचा वेग मात्र तिला वाढवता येईना.

त्यातच सासूबाईंनी दूधदुभत्याचं काम तिच्यावर सोपवलं.

सोमवारी तिनं गार दुधात विरजण घातलं. दही लागलं नाही.

"अगं, ऊब लागते त्याला," सासूबाई म्हणाल्या.

"आता लक्षात ठेवीन, आत्या."

मंगळवारी लोणी काढताना तिनं ऊन पाणी ओतलं. लोणी विरघळून गेलं.

"लोण्याला गार पाणी. आणि घुसळत राहायचं."

"आता लक्षात ठेवीन."

बुधवारी तिनं कोमट दुधात विरजण घातलं आणि दिवसभर घुसळत राहिली. हात भरून आले, दूध दूधच राहिलं.

"विरजलेलं हलवू नये गं. झाकून एका जागी ठेवायचं, की लागतं."

"आता लक्षात ठेवीन."

गुरुवारी तिनं खीर गॅसवर ठेवली. झाकली. हलवली नाही.

"आत्या, लागली," तिनं आनंदानं सांगितलं.

सासूबाईंनी पातेल्यात डोकावलं. "लागलीच. बुडाला."

शुक्रवारी ती रडवेली झाली. "आत्या, मैना बोलायला कधी लागेल हो?"

"दही लागतं तशी लागेल. आपोआप," म्हणून सासूबाई देवळात गेल्या.

आता हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं मैनेला कढत नाही, कोमटच पाण्यानं न्हाऊ घातलं. शालीत गुंडाळलं. वरून दुलई झाकली. कोपऱ्यात बसवलं आणि हलू दिलं नाही. विरजण म्हणून शेजारच्या कुमुदकाकूंना समोर आणून ठेवलं. काकू नणंदेच्या साखरपुड्यापासून सुरू झाल्या. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, असं पुस्तकात होतं. काकू खरोखरच खर्च होईनात.

अर्ध्या तासानं सासूबाई परतल्या. "अगं, हे काय मांडलंयस?"

"विरजलीय," ती कुजबुजली. "धक्का लावू नका."

दुलईतून लालबुंद तोंड बाहेर आलं.

"आजी, उकडतंय," मैना म्हणाली. "आईला सांग, मी दूध नाही."