मनीची उबेची जागा

घरातल्या वस्तू अजून मनातलं बोलत असत, त्या काळची गोष्ट. यमुनाकाकूंचा फ्रीज भिंतीला लागून, मागे जेमतेम मांजर मावेल असा उभा असे. काकूंनी हौसेनं विणलेलं क्रोशाचं कव्हर त्याच्या पाठीवर लोंबे, आणि मागच्या उबेत मनी मांजर खुशाल झोपे.

एकदा काका वैतागले, "दिवसभर घरघरतोय लेकाचा! नुसती वीज खातो. रविवारी भंगारात देऊन टाकू."

फ्रीज हळूच मनीला म्हणाला, "मने, माझी पाठ भाजतेय गं. जरा वारा लागला, तर मी अजून चांगला चालेन."

मनी उबेला आणखीच बिलगली. फ्रीज पुढे सरकला की ऊब जाणार, आणि दिवस तर कडाक्याच्या थंडीचे.

पण मनी ती मनीच! रविवारी भंगारवाल्याची हाक आली, तशी ती फ्रीजमागे शिरून जी ओरडत सुटली, ती सुकटीचा वास दाखवला तरी बाहेर येईना. शेवटी काका-काकूंनी फ्रीज पुढे ओढला.

"अगंबाई, केवढी तापलीय ही जाळी!" काकू म्हणाल्या. "आणि वर माझंच कव्हर! अहो, बिचाऱ्याचा श्वास कोंडलाय."

त्यांनी कव्हर काढलं, धूळ झाडली, फ्रीज भिंतीपासून वीतभर लांब ठेवला. हळूहळू घरघर निवली. भंगारवाला रिकाम्या हातानं परतला.

संध्याकाळी फ्रीजनं विचारलं, "मने, थंडी वाजते का गं?"

"वाजते की," मनी अंग आखडून म्हणाली, "पण तुझी घरघर नाही, हे काय थोडं आहे?"

तेवढ्यात काकूंनी जाता जाता ते विणलेलं कव्हर तिच्या अंगावर टाकलं.