एका उडीत नदी

बालमित्रांनो, दूर अमेरिकेच्या पश्चिमेला, जिथे अरण्य संपून मोकळे माळ सुरू होतात, तिथे एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. नदीपलीकडचा मुलूख नवा होता. तिथे वस्ती करायची म्हणून दातांनी खोडे कुरतडणारा बीव्हर नावाचा प्राणी झाडे पाडत होता, कोणी बांध घालत होते, तर एक म्हातारा गवा वाटाड्याचे काम करत होता. ही कामे पिल्लांना समजावीत म्हणून सर्वांनी एका डोमकावळ्याला शिकवायला बसवले.

डोमकावळ्याच्या जिभेला हाड नव्हते. "आपल्या बीव्हरने एका चाव्यात अख्खे रान आडवे केले! आणि या गव्याने तर ही नदी एका उडीत ओलांडली. खूर आपटले तिथे दरी पडली!" पिल्ले खूश होऊन ओरडत. पाडसाने एकदा गव्यालाच विचारले, "आजोबा, खरंच एका उडीत?" गव्याने नदी चाचपडत, गटांगळ्या खात पार केली होती. पण पिल्लांचे ते चमकणारे डोळे पाहून त्याची मान ताठ झाली. "तरुणपणी, बाळ!" तो म्हणाला. हरिणीला मात्र राहवेना. "अहो, पोरांना हे खरं वाटतं," ती डोमकावळ्याला म्हणाली. तो हसला. "अगं, खरं सांगितलं तर जांभया देतात." पाडस रोज उड्या मारत घरी येई, म्हणून हरिणीनेही विषय सोडून दिला.

बर्फ वितळले, नदी फुगली, आणि सगळे प्राणी पलीकडे राहायला निघाले. गवा पुढे होऊन एकेक पाऊल टाकत तळ अजमावत होता. मध्येच थांबे, मागे सरे. "हे कसलं वाटाड्याचं काम!" पाडस म्हणाले. "आई, माझ्याकडे बघ!" हरिणी "थांब!" म्हणेपर्यंत त्याने झेप घेतली. ते ऐन धारेत पडले. गवा मानेपर्यंत पाण्यात शिरला, पण एवढेसे डोके वळणापलीकडे दिसेनासे झाले होते.

पुढे कितीतरी दिवस हरिणी काठाकाठाने हिंडत राहिली. एका सकाळी ती परतली, तेव्हा डोमकावळा पिल्लांना सांगत होता, "आणि त्या पाडसाने अशी उडी मारली, अशी उडी मारली, की ते अजून ढगांवरून चाललंय!" पिल्लांनी टाळ्या पिटल्या. "मीपण मारणार!" एक ससुले ओरडले.

हरिणी पुढे आली. "माझं पाडस बुडालं," ती म्हणाली. "मी पाहिलं."

मग ससुले डोमकावळ्याला बिलगून म्हणाले, "ही गोष्ट नको. तुमचीच सांगा."

तात्पर्य : जिवावरचे काम लहानांना शिकवताना त्यातला धोका गाळू नये; रंगवलेली थाप सर्वांनाच गोड लागते, पण तिचे मोल थाप मारणारा देत नाही, विश्वास ठेवणारा देतो.