वाढप्याला शालू

यंत्रं आपसांत बोलत आणि भांडतही असत, त्या काळची गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका हवामान केंद्रात एक सर्व्हर होता. शेकडो बंदरांना एकाच वेळी वादळाचे इशारे पोचवायचे, हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला वाढपी म्हणत.

त्याच्यासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम निवडायला सभा भरली. मॉनिटर अध्यक्ष, माउस चिटणीस. समोर दोन सिस्टिम होत्या. एक साधी, नुसती काळ्यावर पांढरी अक्षरं, पण कामाला वाघ. दुसरी नटवी, रंगीत चित्रांची.

"साधीत मला क्लिक करायला काहीच नाही," माउस कुरकुरला.

"आणि मला मिरवायला," मॉनिटर म्हणाला. नटवी एकमताने मंजूर झाली.

वाढपी भडकला. "एकमताने? मला विचारलंत कधी? अरे, माझ्यासमोर वर्षभर कुणी बसतसुद्धा नाही! हजार पानं मांडलीत आणि वाढप्याला शालू नेसवताय? त्याने निऱ्या सांभाळायच्या की भात वाढायचा?"

"काय हा आक्रस्ताळेपणा!" मॉनिटर हसला.

कार्तिकात समुद्रात वादळ उठलं. होड्या खोल पाण्यात होत्या. वाढपी इशारे पाठवायला लागला, तेवढ्यात नटवीने मध्येच सगळं काम थांबवलं. बंदरं विचारत राहिली, "इशारा आहे का?"

मॉनिटरवर सुबक निळी अक्षरं उमटली : 'कृपया थांबा. सजावट सुरू आहे.'

"काय रंग आहे!" माउस हरखला.

"तो रंग," वाढपी म्हणाला, "होड्यांतल्या माणसांना दाखवा."