जिवलीची दुसरी इच्छा

खाडी जिथे समुद्राच्या कुशीत शिरते, तिथे तिवरांचं हिरवंगार बन होतं. बनाच्या कडेला, वाळूत रुतून बसलेली एक इवलीशी झोपडी होती. तिच्यात जिवली आणि तिची आय राहायच्या.

जिवलीचा बाबा एका श्रावणात होडी घेऊन गेला. होडीचं फळकूट तेवढं परत आलं, बाबा आला नाही. तेव्हापासून आय टेकडीवरच्या बंगल्यात स्वयंपाकाला जायची. बंगला होता इनामदारीणबाईंचा. पांढराशुभ्र, निळ्या-जांभळ्या काचांचा, ऊन पडलं की खडीसाखरेसारखा चमचमणारा. खालची वाळू बाईंची, वाळूवरचे माड बाईंचे, आणि जिवलीच्या झोपडीखालची जमीनही बाईंचीच.

आयचं खेकड्याचं लपथपीत म्हणजे सगळ्या किनाऱ्यावर नाव घ्यावं असं. खेकड्यांचा पांढरा मऊ गर सोडवायचा, त्यात गुलाबी गुलाबी कोलंबी घालायची, नारळाचं दाट दूध, लसूण, हिरवी मिरची, चिमूटभर हळद. सगळं एका पसरट मातीच्या परळात ओतायचं. खाली निखारे, वर झाकण, झाकणावर पुन्हा निखारे. वरती सोनेरी साय धरली आणि कडेनं बुडबुडे फुटू लागले की ते तसंच वाफाळतं पुढ्यात न्यायचं आणि भाकरीचे चुरचुरीत तुकडे त्यात बुडवून खायचे.

पण एके दिवशी झाकण उचलताना ते कलंडलं, आणि लालबुंद निखारे आयच्या दोन्ही हातांवर सांडले. हात टम्म सुजले. त्यांतून पाणी वाहू लागलं. मग ताप चढला तो उतरेचना. आय चटईवर पडून राहिली आणि जिवली तिच्या हातांवरच्या माशा उडवत बसू लागली.

अशात इनामदारीणबाई झोपडीच्या दाराशी आल्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "उद्या तिन्हीसांजेला माझ्या नातीचा वाढदिवस आहे. पाहुणे लांबून यायचेत. लपथपीत हवं."

"हात बघा माझे, बाईसाहेब," आय कशीबशी बोलली.

"तुझे नसतील तर हिचे आहेत ना? खेकडेही तुम्हीच आणा. उद्या परळ टेबलावर आला नाही, तर उद्याच झोपडी खाली करायची."

बाई टेकडी चढून गेल्या. आयनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती रडतेय हे जिवलीला कळलं, कारण तिला डोळे पुसायला हात नव्हते. जिवलीनं आपल्या परकराच्या टोकानं तिचे डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जिवली टोपली घेऊन तिवरांच्या बनात शिरली. एरवी ओहोटीला तिथे किती गंमत असायची! चिखलावर चिमुकले लाल खेकडे नाचायचे, निळा खंड्या सूर मारायचा. आज मात्र सगळं चिडीचूप होतं. पाण्याला गंजासारखा लालसर रंग आला होता. मासे पोट वर करून तरंगत होते. जिवलीनं बिळामागून बिळं चाचपली. सगळी रिकामी.

तेवढ्यात तिला कुठूनसं बारीक कण्हणं ऐकू आलं. एका तिवराच्या मुळाशी फाटकं जाळं अडकलं होतं, आणि जाळ्यात होती एक परी! जिवलीच्या करंगळीएवढी. तिचे पंख शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे, गुलाबी, मोतिया, किंचित निळे. पण आता मळून चिंब झालेले. ओठ पांढरेफटक पडलेले.

"हलू नका हं," जिवली म्हणाली. तिनं जाळ्याचे धागे दातांनी एकेक करून तोडले. हिरड्यांतून रक्त आलं तरी ती थांबली नाही. मग कमरेच्या तुंब्यात प्यायचं गोड पाणी उरलं होतं, घोटभरच, ते तिनं थेंब थेंब परीच्या तोंडात घातलं.

परीनं डोळे उघडले. तिचे पंख हळूहळू झगमगू लागले, जणू कुणी चांदण्यांचा चुरा त्यांवर भुरभुरला.

"सोनुले, तुझं नाव काय गं?"

"जिवली."

"जिवले, खाडीत विषारी लाल पाणी आलंय. त्यानंच माझी ताकद गेली. तू मला सोडवलंस, म्हणून मी तुझ्या दोन इच्छा पुऱ्या करीन. पण नियम आहेत, नीट ऐक. एका दिवसाला एकच इच्छा. मागितलेलं परत होत नाही. आणि माझ्याविषयी कुणालाही सांगायचं नाही. सांगितलंस, की उरलेली इच्छा विरघळून जाईल. मग मलाही ती देता येणार नाही."

जिवलीच्या ओठांवर पहिल्यांदा आलं ते आयच्या हातांचं मागणं. पण ती थबकली. आज झोपडी गेली तर तापानं फणफणलेल्या आयला निजवायचं कुठे? हात उद्या बरे होतील. एका दिवसाचा तर प्रश्न.

"मला खेकडे हवेत, आणि कोलंबी," ती हळूच म्हणाली.

परीनं पंख झटकले आणि टोपली भरून गेली. काळेनिळे जाडजूड खेकडे, काचेसारखी नितळ कोलंबी.

"हे दूरच्या, खोल, स्वच्छ समुद्रातलं आहे," परी म्हणाली. "पण या खाडीतली एकही तिसरी, एकही शिंपली खाऊ नकोस. शिंपल्यांच्या पोटात विष साठलंय. खाणाऱ्याचे आधी ओठ बधिर होतात, मग श्वास थांबतो." तिनं जिवलीच्या तळहातावर बोट टेकवलं. तिथे एक मोतिया थेंब लुकलुकू लागला. "ही तुझी उद्याची इच्छा. जप हं."

बंगल्याच्या स्वयंपाकघरात जिवली दिवसभर राबली. गर सोडवताना बोटं चिरली. नारळ खोवताना खांदे भरून आले. दर थोड्या वेळानं ती मूठ जराशी उघडायची, थेंब लुकलुकायचा, आणि तिला आयचे जुने हात दिसायचे, हळदीनं पिवळे झालेले, धडधाकट.

परळ निखाऱ्यांवर चढवायची वेळ झाली आणि इनामदारीणबाई आत आल्या. मागून गडी एक पाटी घेऊन आला. पाटीत सोललेल्या तिसऱ्या होत्या.

"पाहुणे वाढलेत," बाई म्हणाल्या. "हे खाडीतून काढून आणवलंय. घाल यात."

जिवली पुढे झाली. "बाईसाहेब, नको! पाणी खराब झालंय. विष आहे त्यात."

"तुला कुणी सांगितलं?"

जिवलीनं मूठ घट्ट मिटली. "मासे मेलेत खाडीत. मी पाहिलं."

"मासे रोजच मरतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं अख्खी पाटी परळात उपडी केली. "पुन्हा तोंड उघडलंस तर आईला घेऊन वाट धर."

परळ भाजला. वरती सोनेरी साय धरली. वास असा सुटला की अंगणातली पाखरंही गप्प झाली. गड्यांनी परळ उचलला आणि दिवाणखान्यात नेला. जिवली मागोमाग धावली.

दिवाणखाना नुसता झळाळत होता. झुंबरं, रेशमी झगे, लाल-हिरवे फुगे. टेबलाभोवती पाहुण्यांची मुलंच मुलं. मधोमध बाईंची नात इंदुली, केसांत अबोलीचा गजरा, हातात भाकरीचा तुकडा. पहिला घास तिचा होता. तिनं तुकडा बुडवला, वर काढला, आणि गरम म्हणून त्यावर इवलीशी फुंकर घातली.

जिवलीनं मुठीकडे पाहिलं. मग इंदुलीकडे पाहिलं.

"खाऊ नका!" ती ओरडली. "कुणी खाऊ नका! मला तिवरांतल्या परीनं सांगितलंय! या तिसऱ्यांत विष आहे!"

तळहातावर गार, ओलं काहीतरी पसरलं. तिनं मूठ उघडली. थेंब नव्हता.

आणि सगळे हसले. मोठी माणसं हसली, म्हणून मुलंही हसली. "परी म्हणे!" कुणी तरी टाळी दिली. इंदुलीसुद्धा हसली, आणि तिनं घास तोंडाजवळ नेला.

इच्छा गेली होती, आणि तिच्या बदल्यात काहीच झालं नव्हतं. मग जिवली धावली. इंदुलीच्या हातावर तिनं फटका मारला, आणि दोन्ही तळवे त्या तापलेल्या परळाला लावून सारा जोर एकवटून तो ढकलला. चर्र झालं. परळ फरशीवर पडून फुटला. इंदुलीनं भोकाड पसरलं.

त्यानंतर जिवलीला मारलं. किती, ते सांगवत नाही. गड्यांनी तिला टेकडीवरून खाली आणलं, आयला चटईसकट उचलून वाळूत ठेवलं आणि झोपडीला कुलूप लावलं.

"जिवले, काय केलंस गो?" आयनं विचारलं.

जिवलीनं सगळं सांगितलं, परीचं, थेंबाचं, घासाचं. "आये, तुझे हात मी घालवले," ती हुंदके देत म्हणाली.

आयनं चटईवर सरकून जागा केली. मग म्हणाली, "ये, बाय माझी. जवळ निज." दोघी एकमेकींना बिलगून पडल्या, भाजलेले हात मध्ये कुणालाच लागू नयेत असे बाजूला ठेवून.

पूर्वेकडे आभाळ केशरी झालं तेव्हा वाळूतून पावलं वाजली. इनामदारीणबाई आल्या होत्या. पायांत वहाणा नव्हत्या. कडेवर झोपेतली इंदुली होती, आणि बाईंनी तिला इतकं घट्ट धरलं होतं की त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"सांडलेलं आमच्या कुत्र्यानं चाटलं," बाई म्हणाल्या. "पहाटेपूर्वीच गेला. आधी तोंडातून लाळ, मग…" त्या ओल्या वाळूत मटकन बसल्या. "पोरी, तुला काय हवं ते माग."

"आयचे हात," जिवली म्हणाली.

बाईंनी त्या हातांकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. "ते माझ्या हाती नाही गं," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"मग गावात दवंडी पिटा. खाडीतलं कुणी खाऊ नका म्हणून. माझं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील."

बाई उठल्या. त्यांनी झोपडीची किल्ली आयच्या चटईवर ठेवली आणि कोळीवाड्याच्या दिशेनं चालू लागल्या. चालता चालता पळू लागल्या.

त्या दिसेनाशा झाल्या, तशी तिवरांच्या पानांतून परी आली. पहाटेच्या कोवळ्या उन्हात तिचे पंख सोनसळी दिसत होते, पण डोळे भरलेले होते.

"जिवले, तुझी दुसरी इच्छा विरघळली. नियम मलाही मोडता येत नाही."

"माहीत आहे मला," जिवली म्हणाली.

"पण माझा स्वतःचा उजेड आहे. तो इच्छेतला नाही. तो मी कुणालाही देऊ शकते, त्याला नियम नाही. मात्र एकाच जोडी हातांना पुरेल, आणि मग मी पुन्हा कधीच दिसणार नाही."

"आयला द्या," जिवलीनं लगेच म्हटलं. मग तिला वाटलं, फारच घाई केली. तिनं विचारलं, "पण तुम्हाला दुखेल का?"

परी हसली. "एवढं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, सोनुले."

ती आयच्या तळहातांवर उतरली. पंख मिटले, आणि तिच्या आतून उजेड फुलू लागला. आधी मोतिया, मग गुलाबी, मग इतका लखलखीत की तिवरांचं पान न् पान चांदीचं झालं आणि लाल खाडीवर क्षणभर निळाई पसरली. जिवलीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा परी नव्हती. वाळूवर साधं सकाळचं ऊन पडलं होतं, आणि आय उठून बसली होती. ताप उतरला होता. आपली बोटं ती मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती.

खाडी त्यानंतर बरेच दिवस लालच राहिली. जाळी कोरडी पडली. इनामदारीणबाईंनी भाताची कोठारं उघडली. कोळीवाड्यानं पेज पिऊन दिवस काढले, पण एकाही घरातलं मूल दगावलं नाही. जिवलीचे हात औषधपाल्यानं, सावकाश, दुखत दुखत बरे झाले. तोवर आय रोज मऊ भात कालवायची आणि जिवलीला आपल्या हातानं एकेक घास भरवायची. आणि जिवली, एवढी मोठी झाली तरी, न लाजता आ करायची.

त्या मायलेकींना जसं उजाडलं, तसं अंधारात बसलेल्या सगळ्यांना उजाडो.